रेघ

चौतीस वर्षं या बोटांना एकच ठाऊक होतं:
ओलं पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा,
पंचवीसचा कट्टा.
दिवसाला हजार.
झोपेतही वळत असणार,
कारण अंबादास म्हणायचा, रात्री तुझा अंगठा हलतो.

आता फिजिओच्या मॅडमनी
त्याच बोटांना भिंत दिलीय.
उजवा हात टेकवायचा
आणि बोटं वर चालवायची, मुंगळ्यासारखी.
ओकटी, रेंडू, मूडू…
मराठीत मोजलं की जास्त दुखतं, का कोण जाणे.
नालगूला काखेतला टाका ओढतो.
आयदूला मी थांबते.

थांबले तिथं रजिता पेन्सिलनं रेघ मारते, शेजारी तारीख.
याच भिंतीवर तिच्याही रेघा आहेत,
बालवाडी, दुसरी, चौथी.
डोक्यावर पट्टी धरून मी दटावायची,
टाचा उचलू नकोस.
आता ती म्हणते,
आई, टाचा.

माझा हात परवा दुसरीत होता.

डॉक्टर म्हणाले, दिवसाला तीन लिटर पाणी.
मी हसले. त्यांना वाटलं, बाई धीराची.
विडी घरकुलात आमच्या गल्लीला नळ येतो पाचव्या दिवशी,
तोही रात्री अडीचला.
तरी उकळून, गाळून तीन बाटल्या भरते,
ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवते.
त्यांना कुणी हात लावायचा नाही.
लग्न होऊन इतकी वर्षं झाली,
या घरात फक्त माझं असं काही असेल
तर या तीन बाटल्या.

सुगलाबाई रोज एक नवा रस सांगते,
तिच्या जावेच्या बहिणीला त्यानंच उतार पडला म्हणे.
मी ऐकून घेते, ती मायेनं सांगते.
पण दवाखान्यातली आहाराची पोरगी बोलली ते पटलं:
कॅन्सरला खाईल असा रस नसतो, मावशी,
तुम्ही खा. औषध सोसायला अंग लागतं.
म्हणून सकाळी अंडं, दुपारी कडक भाकरी
वरणात मऊ होईपर्यंत भिजवलेली.
शेंगाचटणी नाही, तोंड आलंय.
बरणी मात्र उघडून वास घेते.
वासाला कुणी मनाई केली नाही.

ऊन चढायच्या आत चालायचं.
मी विजेचे खांब मोजते.
पलीकडं रात्रपाळीचे माग खटखटत असतात,
त्या ठेक्यावर पाय टाकला की पाय जड वाटत नाही.
बऱ्या दिवशी नऊ खांब.
सुईनंतरच्या तिसऱ्या दिवशी एक.
त्या एका खांबाला पाठ लावून उभी होते,
तर दूधवाला नरसय्या सायकल थांबवून म्हणाला,
अक्का, तिन्नावा?
जेवलीस का म्हणे. पहाटे पावणेसहाला.
रिपोर्ट वाचताना आलं नव्हतं रडू,
ते तिथं आलं.

अंबादास आता तंबाखू मळायला दाराबाहेर जातो.
मी बोलले नाही.
मी कुणाला काय बोलू?
परवा झोप लागेना म्हणून हिशेब मांडला,
हजार गुणिले तीनशे गुणिले चौतीस.
कोटीच्या वर गेला.
कुणाकुणाच्या छातीत गेल्या असतील त्या?
डॉक्टरांना विचारलं, हे त्याचंच का?
ते म्हणाले, इतका सरळ दोरा नसतो, बाई.
दोऱ्याचं मला सांगतात.

रात्री दहाला दिवा बंद, हाही नेम.
झोप येतेच असं नाही.
पण सूप फळीवर उपडं पडलंय, पानं भिजवायची नाहीत,
उद्याचे हजार उद्यावर नाहीत,
याची अजून सवय व्हायचीय.

आज पुन्हा भिंत.
ओकटी. रेंडू.
मूडूलाच थांबले.
रजिता पेन्सिल धरून उभी, विचारते,
ही कालच्यापेक्षा खाली आहे, मारू?

मार म्हटलं.
आणि तारीख नीट लिही.